नेटी प्रोकोपचुक काठी धरते

ब्रॅकनहिलच्या रिंकमध्ये नेटी प्रोकोपचुकसमोर काठीचं नाव काढायची सोय नव्हती. काठी म्हणजे कर्लिंगची, बर्फावरून दगड घसरवायच्या खेळातली काठी. ज्यांचे गुडघे किंवा कंबर कामातून गेलेली असते, ते लोक खाली न वाकता, दगडाच्या मुठीत काठीचं टोक अडकवून तो बर्फावरून चालत ढकलत नेतात आणि सोडून देतात. नेटीच्या मते हा खेळाचा अपमान होता. "ज्याला वाकता येत नाही त्याने पत्ते खेळावेत," असं तिने एकदा कॉफीच्या काउंटरपाशी, चांगली आठ-दहा माणसं ऐकत असताना जाहीर करून टाकलं. त्या आठ-दहांत वॉल्टर येलंड होता आणि गावात पहिली काठी आणणारा तोच होता. तो सगळ्यांबरोबर हसला, पण त्याचे कान लाल झाले. नेटीने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

आता असं बोलायचा तिला अधिकार होता, हेही खरं.

तिचे वडील वासिल कुझिक रिंकची देखभाल करायचे. आमची रिंक म्हणजे पत्र्याची लांबट शेड, आत बर्फाच्या दोनच पट्ट्या, एका टोकाला मोठी काच आणि काचेमागे स्वयंपाकघर आणि टेबलं. नोव्हेंबरात थंडी नीट धरली की वासिल पाणी सोडून बर्फ जमवायचे आणि मग पाठीवर टाकी घेऊन त्यावर बारीक थेंब शिंपडत उलट्या पावली चालायचे. ते थेंब गोठून जी खरखर येते तिच्यावरूनच दगड पळतो. गुळगुळीत बर्फावर तो अर्ध्या वाटेत बसकण मारतो. शाळा सुटली की नेटी तिथे हजर. डाव्या पट्टीत शेगडीच्या बाजूचा बर्फ किंचित खचतो, दाराकडच्या कोपऱ्यात वारा शिरला की दंव साचतं, हे सगळं तिला दहाव्या वर्षी पाठ होतं. खुद्द क्लबच्या अध्यक्षांना ते माहीत नव्हतं.

वीस किलोचा दगड पोरांच्या हाती कोण देणार? म्हणून आमच्याकडची पोरं जॅमच्या डब्यात सिमेंट भरतात, त्यात वाकवलेली तार मूठ म्हणून बसवतात आणि त्यानेच खेळतात. नेटीने त्या डब्यांनी गावातल्या यच्चयावत मुलग्यांना हरवलं. ते मुलगे मोठे झाले तेव्हा खऱ्या दगडांनी पुन्हा हरवलं. खेळ तसा सोपा आहे. दोन्ही बाजूंनी आळीपाळीने दगड सोडायचे. पलीकडे बर्फाखाली रंगवलेलं वर्तुळ असतं, त्याला आम्ही घर म्हणतो. त्या घराच्या मध्यबिंदूला ज्याचा दगड सगळ्यात जवळ, त्याला गुण. एवढं कळायला पाच मिनिटं लागतात आणि बाकीचं कळायला उरलेला जन्म.

पुढे नेटी पोस्टात लागली, धान्यकोठाराचा एजंट मेट्रो प्रोकोपचुक याच्याशी तिचं लग्न झालं आणि तिने बायकांचा संघ बांधला. कप्तान नेटी. उपकप्तान फिलिस हॅलिडे, ही शाळेत गणित शिकवायची आणि कधीही आवाज चढवायची नाही. झाडू मारायला रूबी आणि आयलीन या दोघी जावा. दगड धावत असताना त्याच्यापुढचा बर्फ झाडला की तो लांब जातो आणि कमी वळतो. त्या दोघी अशा झाडायच्या की समोरचा संघ बघत उभा राहायचा. सुरुवातीला बायकांना रिंक दुपारीच मिळायची, पुरुषांची कामाची वेळ असायची म्हणून. नेटीच्या संघाने पहिल्यांदा प्रांताची स्पर्धा जिंकली आणि त्यानंतर ती हव्या त्या वेळी खेळायला आली तरी कोणी हटकलं नाही.

प्रांताचं विजेतेपद तिने चार वेळा आणलं. देशाचं एकदा.

त्या एकदाची हकीकत आमच्याकडे सगळ्यांना येते आणि प्रत्येकाची थोडी वेगळी आहे, पण मुख्य गोष्ट अशी. पूर्वेकडच्या एका मोठ्या शहरात अंतिम सामना. गुण बरोबरीत, शेवटचा दगड नेटीच्या हातात. समोरच्या संघाचा दगड मध्यबिंदूवर जाऊन बसलेला आणि त्याच्यापुढे त्यांचाच दुसरा दगड पहाऱ्याला. घरात उभ्या असलेल्या फिलिसने झाडूने डावीकडची वाट दाखवली. सगळा दिवस सगळे तिथूनच दगड टाकत होते. नेटीने मान हलवली आणि उजवीकडे बोट केलं. फिलिस पट्टीची सगळी लांबी चालत तिच्यापर्यंत आली.

"नेटी, उजवीकडून सकाळपासून एकही दगड गेलेला नाही."

"म्हणून तर. तिथे दंव साचलंय. शेवटी दगड दमेल आणि आत वळेल."

"आणि नाही वळला तर?"

"तर तू म्हणत होतीस तसं झालं, असं मी गावात सगळ्यांना सांगेन. जा आता, झाडू धर."

फिलिस गेली. नेटीने दगड सोडला. रूबी आणि आयलीन झाडायला वाकल्या तशी ती ओरडली, "झाडू वर! हात लावू नका!" दगड पहारेकऱ्याला बाजूने ओलांडून गेला, दमला, वळला, आतल्या दगडाला हलकासा धक्का दिला आणि त्याच्या जागेवर बसला. नंतर एका वार्ताहराने विचारलं, हात थरथरला नाही का? नेटी म्हणाली, "मी पोस्टात शिक्के मारते. हात थरथरून कसं चालेल?"

स्टेशनवर अख्खं गाव झाडू घेऊन आलं होतं. दोन्ही बाजूंना उभं राहून झाडूंची कमान धरली आणि चौघी त्याखालून गेल्या. मेट्रोला कर्लिंगमध्ये कवडीचा रस नव्हता, तो बर्फाला भोक पाडून मासे धरणारा माणूस. पण त्या दिवशी तोही कुणाचा तरी झाडू मागून आणून उभा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला नेटीने पोस्टाची खिडकी उघडली. रांगेतल्या प्रत्येकाला पत्राबरोबर तो खेळताना कुठे चुकतो यावरचा शेराही मिळाला.

कारण नेटीची जीभ. खेळात जेवढा हात हलका, तेवढी बोलण्यात जड. आणि तिच्या जिभेचा सगळ्यात जास्त मार कुणी खाल्ला असेल तर वॉल्टर येलंडने. वॉल्टर शाळेची बस चालवायचा. पन्नास हिवाळे तो दर मंगळवारी खेळला आणि त्या पन्नास हिवाळ्यांत नेटीला एकदाही हरवू शकला नाही. त्याचा दगड एक तर घरापर्यंत पोचायचा नाही, नाही तर पलीकडच्या भिंतीला सलाम करून यायचा. एका वर्षी मिश्र संघात एक पुरुष कमी पडला म्हणून नेटीने त्याला घेतलं आणि पहिल्याच सामन्यात भर रिंकमध्ये सांगितलं, "वॉल्टर, तू नुसता झाड. विचार मी करते." पुढच्या वर्षी तिने दुसरा माणूस शोधला. वॉल्टरने कधी राग धरल्याचं कुणाला दिसलं नाही. तो तिला रिंकवर भेटला की टोपीला हात लावायचा.

सत्तरीला नेटीच्या दोन्ही गुडघ्यांनी राजीनामा दिला. शहरात नेऊन नवे बसवले. सर्जन म्हणाले, "आता चाला, फिरा, नाचा. फक्त उकिडवं बसायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत."

"सप्टेंबरपर्यंत?"

"कायमचं."

"तुम्ही कर्लिंग खेळता का?"

"नाही."

"मग तुम्हाला कळायचं नाही," म्हणून तिने दुसरा डॉक्टर गाठला. तो खेळणारा होता. त्यानेही तेच सांगितलं, फक्त सांगताना तिच्या नजरेला नजर दिली नाही. तेव्हा मात्र नेटीने तिसरा डॉक्टर शोधला नाही.

तो हिवाळा तिने काचेमागे बसून काढला आणि तिच्याबरोबर सगळ्या क्लबनेही काढला. कुणी चुकीचा दगड टाकला की ती बोटातल्या अंगठीने काचेवर टकटक करायची. टकटक ऐकून खेळणारा आणखी चुकायचा. दोन तरुण संघांनी कमिटीकडे तक्रार केली. कमिटीने तिला मान द्यायचा म्हणून स्वयंपाकघराची व्यवस्था सोपवली, तर तिने पेरोगीच्या करंज्या उकळत्या ठेवून काचेकडे तोंड केलं आणि तीन भांडी करपवली. घरी आली की बोलायची नाही. मेट्रोने एकदा तिच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाला, "तुला काठी घ्यायची नसेल तर नको घेऊ. पण मग माझ्याबरोबर माशांना तरी चल. इथे बसून खुर्ची झिजवू नकोस."

"मासे म्हणजे काय खेळ आहे?"

"नाही. पण त्यात कुणी काचेमागे बसत नाही."

तिला पुन्हा बर्फावर जायचं होतं. याशिवाय दुसरं काही तिला नको होतं. आणि जायचं तर काठी धरूनच जाता येणार होतं, ज्या काठीला ती सगळ्यांदेखत हसली होती. लोक हसतील याची तिला भीती नव्हती. लोकांना उत्तरं द्यायला ती खंबीर होती. भीती वेगळीच होती. काठीने खेळलं आणि तो खेळच वाटला नाही तर? तर मग बर्फावर जाऊनही ती काचेमागेच असणार होती आणि तेवढं कळल्यावर पुढे काहीच उरणार नव्हतं. हे तिने कुणाला सांगितलं नाही.

फिलिसने मात्र ओळखलं. तिची कंबर चार वर्षांपूर्वीच गेली होती आणि ती मुकाट्याने काठीने खेळत होती. नेटीसमोर त्याबद्दल कधी बोलली नव्हती एवढंच. पुढच्या नोव्हेंबरात, बर्फ धरल्यावर, ती नेटीच्या घरी आली, कोट न काढता दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "काठीच्या स्पर्धेत मी माझं नाव दिलंय. दोघांचा संघ लागतो. दुसरं नाव तुझं लिहिलंय."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मला येत नाही ते."

हे वाक्य नेटीच्या तोंडून फिलिसने चाळीस वर्षांत ऐकलेलं नव्हतं. "मग वॉल्टरकडे जा," ती म्हणाली. "त्याच्याइतकं चांगलं कुणालाच येत नाही."

नेटी दोन दिवस घरात भांडी आपटत राहिली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला रिंकवर गेली. त्या वेळी तिथे वॉल्टर एकटाच सराव करतो हे तिला ठाऊक होतं. वॉल्टर अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, कमरेत वाकलेला, पण काठी हातात असली की ताठ. त्याने टोपीला हात लावला.

"हसायचं असेल तर आत्ताच हसून घे," नेटी म्हणाली.

"कशाला हसू? ही घे. ही हलकी आहे."

तिने काठी घेतली, दगडाला लावली आणि पन्नास वर्षं दगड सोडला तसा मनगटाने जोर दिला. दगड घर पार करून मागच्या फळीवर असा आपटला की स्वयंपाकघरातून कुणीतरी डोकावलं. दुसरा दगड अर्ध्यात थांबला. तिसरा शेजारच्या पट्टीवर गेला.

"जोर देऊ नकोस," वॉल्टर म्हणाला. "नुसती चाल. जेवढ्या वेगाने तू चालशील तेवढ्याच वेगाने तो जाईल. रविवारी चर्चला जातेस ना, तशी."

"मी चर्चला उशिरा पोचते, वॉल्टर. पळत जाते."

"मग कुणाच्या तरी मयताला जातेस तशी."

"तुझ्या मयताला मी नाचत येईन, बघ."

वॉल्टर पोट धरून हसला. मग त्याने स्वतः एक दगड घेतला आणि चालून दाखवला. चार पावलं, पाचवं जरा लांब, मनगट किंचित बाहेर आणि दगड सुटला. तो गेला आणि मध्यबिंदूवर थांबला. नेटी बघत राहिली. हा तोच वॉल्टर, ज्याला पन्नास वर्षांत वेगाचा अंदाज कधी आला नव्हता. वाकून, सरपटत दगड सोडताना त्याचा तोल जायचा म्हणून सगळी गडबड व्हायची, हे तिला आज कळलं. उभा राहिल्यावर त्याला सगळं येत होतं. कप्तान म्हणून हे तिच्या नजरेतून सुटलं होतं आणि त्याची तिला मनापासून लाज वाटली.

"एक लक्षात ठेव," वॉल्टरने बर्फाखालच्या जाड लाल रेषेकडे काठी रोखली. "त्या रेषेच्या आत काठी सुटलीच पाहिजे. वाकून सोडताना आपण आपोआप आधी सोडतो. चालताना भान राहत नाही, पाय पुढे ओढत नेतात. रेषा ओलांडून सुटलेला दगड बाद."

"नियम मला सांगू नकोस," नेटी म्हणाली, पण ऐकून घेतलं.

ती रोज यायला लागली. पहिल्या आठवड्यात शिव्या देत, दुसऱ्या आठवड्यात कमी शिव्या देत. महिन्याभराने तिला बर्फ पुन्हा दिसायला लागला. शेगडीच्या बाजूचा खळगा, दारापाशी साचणारं दंव, सगळं होतं तिथेच होतं. जानेवारीत ती आणि फिलिस पहिली फेरी जिंकल्या, मग दुसरी. कॉफीच्या काउंटरपाशी कुणीतरी मुद्दाम मोठ्याने म्हणालं, "काय गं नेटी, पत्ते कुठे आहेत?" ती म्हणाली, "घरी. तुझ्यासाठी ठेवलेत." काउंटर हसला आणि तो विषय तिथेच मिटला.

मार्चच्या एका रविवारी दुपारी दोनला अंतिम सामना होता. जिंकणारी जोडी प्रांताच्या स्पर्धेला जाणार होती. एका बाजूला नेटी आणि फिलिस, दुसऱ्या बाजूला वॉल्टर आणि त्याचा मेव्हणा अल्विन. प्रांताची स्पर्धा! नेटी तिथे अकरा वेळा गेली होती आणि बाराव्यांदा जायची आशा तिने सोडून दिली होती. सकाळी तिने जुना क्लबचा स्वेटर काढला, ज्याच्या बाहीवर विजेतेपदांचे बिल्ले शिवलेले होते. घातला, आरशात पाहिला, काढला आणि साधा निळा घालून गेली. बिल्ल्यांवर जिंकायचं नव्हतं तिला.

काठीच्या खेळात जोडीतला एक जण या टोकाला आणि दुसरा त्या टोकाला उभा असतो. शेवटच्या डावात नेटी आणि वॉल्टर दगड सोडायच्या टोकाला होते. फिलिस आणि अल्विन पलीकडे, घरापाशी. गुण तीन-तीन. काचेमागे बसायला जागा नव्हती. मेट्रोसुद्धा आला होता, हातात ॲपल पायची बशी घेऊन.

वॉल्टर झकास खेळला. त्याचा शेवटचा दगड मध्यबिंदूच्या कडेला टेकून थांबला, पुढे दोन दगडांची आडोशाला भिंत. त्याने काठी खाली केली आणि बाजूला झाला. नेटीकडे शेवटचा दगड उरला.

तिने बर्फ पाहिला. दाराकडून, कडेकडेने एक वाट होती. पलीकडे फिलिसने त्याच वाटेवर झाडू टेकला होता, या वेळी न सांगताच. नेटी चालायला लागली. एक, दोन, तीन, चार. दगड काठीपुढे असा शांत निघाला होता की तिला तो सोडवेना. तो वेग, ते वळण, सगळं नेमकं होतं, आणि वर्षा-दीड वर्षात पहिल्यांदाच ती एखाद्या दगडाबरोबर अख्खीच्या अख्खी होती. पाचवं पाऊल पडलं आणि काठी सुटली. सुटताना तिने खाली पाहिलं. दगड रेषेच्या पलीकडे गेलेला होता. फार नाही, अर्धं पाऊल.

दगड मात्र गेला, दारापाशी मंदावला, दगडांच्या भिंतीला वळसा घातला आणि मध्यबिंदूवर जाऊन थांबला. फिलिसने झाडू वर उचलला. काचेमागे लोक काचेवर थापा मारायला लागले. अल्विनने कपाळाला हात लावला. वॉल्टरने टोपी काढली आणि हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. आमच्याकडे सामना तिथे संपतो. पंच वगैरे कुणी नसतो. जो चुकतो तो स्वतः सांगतो.

नेटीने हात धरला नाही.

"थांब," ती म्हणाली आणि चालायला लागली. नव्या गुडघ्यांनी, काठी टेकत, पट्टीची सगळी लांबी. थापा हळूहळू थांबल्या. घरापाशी जाऊन तिने आपला दगड पायाने ढकलला आणि वर्तुळाबाहेर घालवला.

"रेषा ओलांडली होती मी," ती फिलिसला म्हणाली.

फिलिसचीही प्रांताची स्पर्धा त्या दगडाबरोबर बाहेर गेली होती.

"मला आधी विचारायचंस तरी."

"त्यात विचारायचं काय?"

"काही नाही," फिलिस म्हणाली. तिने ओठ दाबून झाडू उचलला. "विचारलं असतंस तर मीही हेच सांगितलं असतं. पण विचारायचंस."

मागून वॉल्टर येऊन पोचला, धापा टाकत. "नेटी, मी काही पाहिलं नाही. मी दगड बघत होतो. सगळेच दगड बघत होते."

"मी रेषा बघत होते."

"अगं, अर्ध्या पावलाने काय होतंय? तुला पुढचा डाव काय, पुढचं वर्ष मिळेल की नाही ते या वयात कुणाला ठाऊक! राहू दे तो दगड. एवढं काय? काठीचाच तर खेळ आहे."

झालं. नेटीचा पारा असा चढला की काचेमागे ऐकू गेलं. "काठीचाच म्हणजे? काठीचाच म्हणजे काय, वॉल्टर येलंड? चार महिने मी सकाळी दहाला येऊन काय केलं, गंमत केली? तू मला हे शिकवलंस ते काय पोरखेळ म्हणून शिकवलंस? बर्फ तोच आहे. दगड तोच आहे. रेषा तीच आहे. मग बाद दगड बादच!" तिला दम लागला. "आणि याला पुन्हा 'काठीचाच' म्हणालास तर हीच काठी तुझ्या पाठीत घालीन."

हे बोलणारी बाई काठीला काय म्हणाली होती ते वॉल्टर विसरला नव्हता. मग नेटीने स्वतःच त्याचा हात पकडला आणि जोरात हलवला. "छान खेळलास. जिंकलास तू."

आमच्या रिंकमध्ये जिंकणारा हरणाऱ्याला पहिला पेला पाजतो आणि त्याच्या टेबलावर बसतो. कितीही भांडण झालेलं असो, ही पद्धत मोडत नाही. फिलिस आणि अल्विन आधीच बसले होते, फिलिस त्याला दुसऱ्या डावातली त्याची चूक समजावून सांगत होती. वॉल्टर राय व्हिस्कीचे दोन पेले घेऊन आला, ठेवले, पण बसला नाही. टोपी हातात फिरवत उभा राहिला. त्याचे डोळे ओले होते आणि ते लपवायचं त्याला सुचत नव्हतं.

"पन्नास वर्षं," तो म्हणाला. "तुला हरवल्यावर काय बोलायचं ते पन्नास वर्षं मी मनात ठरवत आलोय. आता एक अक्षर आठवत नाही."

"मग बस आणि पी. आठवलं की बोल, मी कुठे जात नाही." नेटीने खुर्ची पायाने ओढून दिली. "आणि उद्या दहाला ये. मोठ्या रिंकमधला बर्फ आपल्यापेक्षा पळणारा असतो, तिथे तुझे दगड मागच्या फळीवर जातील. अल्विनलाही आण. प्रांताच्या स्पर्धेत कसं खेळायचं ते मी सांगते."

"तू हरलीस, नेटी," वॉल्टर म्हणाला. त्याला अजून खरं वाटत नव्हतं. "माझ्यामुळे तुझी स्पर्धा गेली."

"हो, हरले," नेटी म्हणाली. तिने पेला उचलला आणि काचेपलीकडे पाहिलं. पट्टीवर पुढचा संघ उतरत होता, कुणाचा तरी दगड घरघर करत निघाला होता. "मागच्या वर्षी काचेमागे बसून मला हरतासुद्धा येत नव्हतं रे."

तिने डोळे पुसले नाहीत, कुणी पाहिलं तर पाहू दे. मेट्रो उरलेला ॲपल पाय घेऊन आला आणि तिच्याशेजारी बसला. तिने त्याचा काटा घेतला आणि खायला लागली.